कवाडक्काची चामखीळ

सोलापूर,
सोमवार

ती. सौ. मायाक्काच्या पायाशी धाकट्या श्रीदेवीचे शरणु शरणार्थी (साष्टांग नमस्कारही लिहिला असता, पण गुडघे आता कागदावरसुद्धा वाकायला तयार नाहीत).

तुझी साखर कशी आहे? दाजींचा खोकला बसला का? त्यांना म्हणावं, अक्कलकोटात गल्लोगल्ली डॉक्टर असताना काढ्यावर भरवसा ठेवू नका. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे हे खुशाल आहेत आणि मी आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मी फोनवर बोलायला लागले की हे पलीकडच्या खोलीतला पंखा बंद करून ऐकत बसतात.

तर पंधरा दिवसांपूर्वी रविवारी ह्यांचा सत्कार झाला. ह्यांनी काढलेल्या 'गुप्तहेर गोटूराव' चित्रकथेवर एके काळी जिल्ह्यातली पोरं कशी जीव टाकायची, ते तुला सांगायला नको. ती पोरं आता टकलं आणि पोटं घेऊन मोठी झाली आहेत आणि त्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला आहे. ग्रुपने ठरवलं की उभयतांचा सत्कार करायचा आणि ज्याने त्याने ह्यांच्याशी झालेल्या पहिल्या भेटीची आठवण सांगायची. उभयतांचा म्हटल्यावर मीही इरकल काढली (तुझ्या रेश्माच्या लग्नात घेतलेली, घडी मोडायला तेव्हापासून निमित्तच मिळालं नव्हतं). स्टेजवर दोन खुर्च्या होत्या, ह्यांची गादीची, माझी प्लास्टिकची. सोलापुरात सत्कार म्हणजे चादर, त्यामुळे येईल तो एकेक चादर पांघरून जात होता. अर्ध्या तासात ह्यांचं गाठोडं झालं, फक्त चष्मा दिसत होता.

पहिले उठले ते श्रीपूरचे उदयसिंह, साखर कारखान्यातले मोठे साहेब. लहानपणी वडिलांच्या मागे लागून एसटीने आले, भर उन्हात आमचं दार वाजवलं, तर दारात एक उग्र बाई उभी राहिली आणि तिने पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. लोक हसले. मीही हसले, कारण मला वाटलं, सासूबाईंचंच बोलताहेत. मग टेंभुर्णीचा आदिनाथ उठला. त्याच्या आता मालट्रका आहेत, पण माइक धरल्यावर त्याचा पार शाळकरी पोरगा झाला. "बाई म्हनल्या, न्हाईत घरात. आन् तेवढ्यात आतनं शिंक आली की," असं तो म्हणाला आणि माझं हसू तोंडातच राहिलं. अक्का, ती शिंक मला चांगली आठवते. आणि तेव्हा सासूबाई तर गाणगापूरला गेल्या होत्या.

तुला खरा प्रकार ठाऊक आहे. पानं वेळेवर झालेली नसायची, संपादकांचा माणूस येईल म्हणून ह्यांना धडकी, आणि दुपारी जेवल्यावर तर घरावर दरोडा पडला तरी हे उठायचे नाहीत. दार वाजलं की कॉटवरून हुकूम सुटायचा, न्हाई म्हणून सांग. झोपायचं ह्यांनी, खोटं बोलायचं मी, आणि पाप माझ्या नावावर. पोरांची उतरलेली तोंडं मला बघवायची नाहीत. घसा मोठा करून बोलायची ती एवढ्यासाठी, की आवाज नरम पडला तर रडू येईल. हे कुणाला आठवायचं काही कारण नाही. एकामागून एक उठत होते, आणि प्रत्येकाच्या पहिल्या भेटीत हे कुठेच नव्हते, मीच होते. तरी चादर मात्र ह्यांना.

शेवटी ऋतुराज नावाचा कोणी पुण्याहून आलेला. त्याने पडद्यावर कवाडक्का दाखवली. तीच ती, गोटूरावातली, खलनायकाच्या गुहेच्या दारावरची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोक्यावर नारळाएवढा अंबाडा, हनुवटीवर चामखीळ, आणि येईल त्याच्यावर खेकसणारी, मालक न्हाईत, निघा. तो म्हणाला, "त्या दिवशी दार उघडलं आणि मी ओळखलंच. ही तर आपली कवाडक्का." सगळं सभागृह माझ्याकडे बघून टाळ्या पिटायला लागलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी हे चादरींतून बाहेर येतील आणि दोन शब्द बोलतील. ह्यांनी माइक मागून घेतला आणि म्हणाले, "बराबर ओळखलंस लेका."

कवाडक्का माझी कोण होती, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. लग्न झाल्यापासून ह्यांनी रेघा काढायच्या आणि त्यांत शाईचं काळं मी भरायचं, अशी वाटणी होती. गोटूरावाचा कोट, विहिरी, रात्री, सगळ्या मी भरल्या. कवाडक्काची चामखीळ मी मुद्दाम शेवटी ठेवायची, सगळं आवरल्यावर, चहाचा कप शेजारी घेऊन. कारण तशीच चामखीळ, तिथेच, आमच्या सासूबाईंना, सावित्रम्मांना होती. (लिंगैक्य झालेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी बोलत नाही, लिहिते आहे.) भाकरीच्या जाडीवरून, माझ्या हातच्या शेंगाचटणीवरून, तुम्हा माहेरच्यांवरून त्यांनी मला किती ऐकवलं, ते तू माझ्या डोळ्यांतून पुसलं आहेस. हे समोर बसून भाकरी मोडत राहायचे. एकदाही, अक्का, एकदाही तोंडातून हूं की चूं काढलं नाही. पण महिन्याच्या अंकात गोटूराव कवाडक्काला विहिरीत ढकलायचा, तिच्याच किल्ल्यांनी तिला कोंडायचा, एकदा तर तिच्या अंबाड्यात कोंबडी बसवली. मला वाटायचं, ह्या माणसाला आईपुढे जीभ नाही, पण हात आहे. माझ्या बाजूने बोलायची ही ह्यांची रीत आहे. त्या एका आधारावर मी त्या घरात टिकले. ह्यांच्यावर मला राग धरवत नव्हता तो ह्याच कारणाने, आणि मी त्याला प्रेम म्हणत होते.

परतताना रिक्षात मांडीवर चादरींचा ढीग घेऊन मी सरळ विचारलं, की कवाडक्का म्हणजे तुमची आई ना? हे हसले. म्हणाले, "चामखीळ तेवढी आईची. बाकी सगळी तूच हायस की." आणि मग जरा नवलाने, "तुला ठावं न्हवतं व्हय?" म्हणजे बोलायची आई, गप्प बसायचे हे, आणि कोंबडी माझ्या डोक्यावर. वड्याचं तेल वांग्यावर ओततात हे ऐकून होते, पण वांग्यालाच पळी धरायला बसवतात हे पहिल्यांदा बघितलं. वर सांगतात, लई मनाला लावून घेऊ नकोस, लोकांना तू किती आवडतीस बघ.

मला कुणी विचारलं नाही, पण माझीही पहिली भेट आहे. आप्पांच्या दुकानात पोत्यांमागे बसून आपण दोघी एकाच अंकावर डोकी घालून गोटूराव वाचायचो. हे बघायला आले तेव्हा मी ह्यांचं तोंड बघितलंच नाही, बोटांना लागलेली शाई बघितली आणि आत येऊन तुला म्हणाले, मी करते. ह्यांचा पहिला चाहता कोण, ते ग्रुपला कुठून ठाऊक असणार.

आता त्या लोकांनी खास अंक काढायचं ठरवलं आहे आणि त्यात कवाडक्का परत पाहिजे म्हणे. ह्यांचा हात कापतो, तरी ह्यांनी रेघा काढल्या आहेत. पानं आठ दिवस टेबलावर पडून आहेत. हे दिवसातून चार वेळा शाईची बाटली माझ्यासमोर आणून ठेवतात आणि मी ती उचलून मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवते. मी ब्रश हातात घेतलेला नाही. घ्यावा की नाही, ते कळत नाही. लहानांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुझी,
श्रीदेवी

ता. क. आदिनाथ गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला येतो आहे, त्याच्याबरोबर दोन चादरी पाठवते. त्याला घरात घे, चहा दे. स्वभावाने चांगला आहे.

ता. क. आता खरं काम. तुझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत गोटूरावाचे जुने दिवाळी अंक आहेत. कवाडक्का पहिल्यांदा विहिरीच्या गोष्टीत आली, तो अंक कोणत्या सालचा, ते मला आता धड आठवत नाही, नातवाला वर चढवून बघ. माझ्या लग्नाआधीचा असेल, तर मी तेव्हा त्या घराचा उंबराही पाहिला नव्हता. मग ती मी असूच शकत नाही. ह्यांना सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, कुणाला बघून काय काढलं ते कुठून आठवणार? ग्रुपवाल्यांना तोंडपाठ असेल, पण त्यांना विचारलं की चारचौघांत होईल.

ता. क. अंक लग्नानंतरचा निघाला, तर गुपचूप परत ट्रंकेत टाक, दाजींनाही बोलू नकोस, आणि मला लग्नाआधीचाच आहे म्हणून कळव. साल घालून लिही, म्हणजे मला खरं वाटेल.