ड वरून सुरू होणारी विमानं

रविवार, ११ मे, सकाळ

तोम्के,

बरं, तुझाच हिशोब बरोबर. झेक देशातली, ब्रनोजवळची ती विमान शिकवणारी शाळा स्वस्त पडत नाही. रेल्वेचं भाडं, तीन आठवड्यांची खोली, पावसामुळे वाढणारे दिवस, हे सगळं धरलं की गावातला विमानांचा क्लबच स्वस्त. शिकवणारे फुकट शिकवतात, बदल्यात आपण वर्षाला चाळीस तास गवत कापायचं, हँगर रंगवायचा. हे मला गुरुवारी पण माहीत होतं. मी कपात चमचा ठेवला होता, म्हणजे पुरे, आता चहा नको आणि बोलणं पण नको. तरी तू चौथा कप ओतलास आणि म्हणालीस, "डेड्डो, तुला उडायचं नाहीचे. तुला फक्त उडणार उडणार म्हणत फिरायचंय."

त्यावर जे म्हणायचं होतं ते मी अजून म्हणतोय. म्हणून पत्र.

आधी बाकीचं. तू बरी असशील. आई बरी आहे. डॉक्टर म्हणतो गुडघ्यासाठी रोज चाला, ती म्हणते त्यालाच चालत यायला सांग. मी या आठवड्यात तीन गोठ्यांतली दूध काढायची मशिनं दुरुस्त केली.

आता ऐक. मी ब्रनोला का जायचं म्हणतो? माझी जीभ कशावर अडकते ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. ड. देवानं नाव पण तेच दिलं. आणि जर्मनीतल्या प्रत्येक विमानाचं नाव ड वरून. रेडिओवर प्रत्येक वाक्यात ते सांगावं लागतं, डेल्टा अमुक, डेल्टा तमुक. झेक विमानांचं ओ वरून, ऑस्कर किलो अमुक. ओ माझ्या तोंडातून पाण्यासारखा जातो. झालं. हे एवढंच कारण. हजारभर युरो जास्त एका अक्षरासाठी.

हस. मी पण हसलो. मग रडायला आलं, ते जाऊ दे.

गोठ्यात मी गाईंसमोर सराव करतो. गाईंसमोर डेल्टा पण येतं. म्हणजे जीभ चांगलीये की वाईट, मलाच कळत नाही.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. मागच्या रविवारी मी क्लबमध्ये जाऊन उडून आलो. हाब्बो, तोच तो रिटायर झालेला शाळामास्तर, आता क्लबात उडायला शिकवतो, शेजारी बसला होता. वर गेल्यावर त्याने विमान वळवायची काठी माझ्या हातात दिली. खाली कालवे, बांध, पलीकडे ओहोटीतला चिखलाचा समुद्र. तोम्के, मी विमान सरळ नेलं. तेवढी वीस मिनिटं मी गोंधळलेलो नव्हतो, हे लिहून ठेवतो, कारण उरलेला सगळा वेळ मी गोंधळलेलाच असतो.

उतरताना हाब्बो म्हणाला, "आता आपण येतोय हे सांगायचंय. मी सांगतो. तुझ्या बहिणीचा फोन आला होता, म्हणाली रेडिओचं त्याच्यावर टाकू नका."

तू फोन केला होतास.

मी म्हटलं, मी सांगणार. बटण दाबलं. ड आला आणि तिथेच बसला. आता हे तुला माहीत नसेल: एकाने बटण दाबून धरलं की बाकी कुणालाच बोलता येत नाही. सगळ्यांची वाट बंद. क्लबातला एनो तेव्हा त्याचं विमान घेऊन उतरायला येत होता, त्याला सांगायचं होतं की तो पण येतोय. त्याला नुसता माझा श्वास ऐकू येत होता. किती वेळ? हाब्बो म्हणतो अकरा सेकंद. शेवटी त्यानेच माझं बोट बाजूला केलं. आणि लगेच टॉवरवरून गेशे म्हणाली, "कळलं रे बाळा, डेल्टा उतरतंय, ये तू." अगदी तुझ्या आवाजात.

एनो एक फेरी मारून उतरला, म्हणाला, "मला वाटलं विमानात गाय चढली." तोम्के, मला त्याचा राग नाही आला. गेशेचा आला. का ते सांगता येत नाही, म्हणजे येतं, पण तुला लागेल.

बालवाडीत माझं नाव तू सांगितलंस. बेकरीत, दाताच्या डॉक्टरकडे, आबेलेला नाचायला येतेस का ते पण तूच विचारलंस. आबेले हो म्हणाली, तुला. आणि आता क्लब. तुला क्लब स्वस्त म्हणून हवा नव्हताच. तिथे सगळे मला सांभाळतील म्हणून हवा होता. आपण दोघं पैशावरून भांडत होतो आणि दोघंही खोटं बोलत होतो.

हाब्बोला मी ब्रनोचं सांगितलं. दहा मिनिटं लागली, तो मध्ये बोलला नाही. मग म्हणाला, "तिकडून लायसन घेऊन ये की. परत आल्यावर इथे भाड्याने विमान कुठलं घेशील? ऑस्कर?" थोड्या वेळाने म्हणाला, "तू बटण आधी दाबतोस आणि शब्द मग शोधतोस. उलटं कर. शब्द ओठावर आला की दाब. तोवर आभाळ दुसऱ्यांना वापरू दे."

उभ्या विमानात, रेडिओ बंद ठेवून, दहा वेळा करून पाहिलं. चार वेळा जमलं. चार म्हणजे पुष्कळ की कमी? हाब्बो म्हणतो पुष्कळ. त्याला गणित शिकवायची सवय, चाराला पण शाबासकी देतो. आणि त्या सहा वेळी एनो खरंच समोरून येत असला तर? माझी अडचण माझ्यापुरती असती तर मी कुठेही शिकलो असतो.

त्यामुळे मी काय केलं माहितीय? ब्रनोला आगाऊ पैसे पाठवले. शुक्रवारी क्लबची वर्गणी पण भरली. स्वस्तात शिकायला निघालेला माणूस दोन्हीकडे भरून बसलाय. आईला सांगू नकोस.

आज पुन्हा उडायचंय. गेशेला आणि एनोला मी चिठ्ठी लिहून दिलीये: माझं वाक्य होईपर्यंत कुणी उत्तर देऊ नका. नाहीच झालं तर हाब्बो बोलेल, मी जूनमध्ये ब्रनोला जाईन आणि ओ शिकेन. झालं तर काय करायचं, ते ठरवलं नाही. तेच जास्त अवघड वाटतंय.

कारण एक राहिलंय. तू माझ्या वतीने बोलायचीस ते मला आवडायचं. नुसतं चालवून घेत नव्हतो, आवडायचं. तू बोलायचीस आणि मी तुझ्या मागे उभा, कोटाची बाही धरून, आणि जग ठीक असायचं. आज माझं मी बोललो तर तू माझ्याशी काय बोलशील? आपण एकमेकांशी कधी बोललोच नाही, तोम्के. तू नेहमी माझ्या वतीने दुसऱ्यांशी बोललीस.

हाब्बोची गाडी दारात आलीये. पत्र वाटेत पेटीत टाकतो. फोन घरी ठेवून चाललोय, लावू नकोस, आई उचलेल आणि तुला काहीतरी सांगेल, ते माझं नसेल.

तुझा,
डेड्डो