जिथं कळत नाही तिथं

पावस, २१ एप्रिल १९३४
रत्नागिरीहून भाट्याची खाडी होडीनं ओलांडून आलो. घर हवेशीर, आंबोळ्या सुरेख, आणि रोगी माझ्याहून विनोदी! मुंबईच्या इस्पितळात ड्रेसर म्हणून जखमा बांधत आठ वर्षं काढली, पण असं स्वागत कुणी केलं नव्हतं. चारुदत्त सव्वीस वर्षांचे. बागेच्या राखणदाराला, म्हणजे तिथल्या देवाला, मान देण्याआधीच पहिला आंबा काढायला चढले नि पाठीवर पडले. छातीखाली काही कळत नाही. लघवीला रबरी नळी. म्हणाले, हरिश्चंद्र, खालचं बिऱ्हाड माझ्याशी बोलत नाही. आई आनंदीबाई मायाळू, पण देवभोळ्या. डॉक्टर खाडीपलीकडे. झटका आला की वेळेसकट लिहून ठेवा म्हणाले, म्हणून ही वही.

२६ एप्रिल
पहिला झटका पाहिला. डोकं फुटतंय म्हणाले. चेहरा लालबुंद, घामाच्या धारा, पाय मात्र थंडगार. राखणदार कोपला, असं आनंदीबाईंचं मत. मी पाहिलं तर नळी मुडपलेली! त्यांना बसवलं, पाय खाली सोडले, नळी सरळ केली. पाच मिनिटांत उतार. म्हणजे खालचं बिऱ्हाड मुकं नाही. तिथं काही तुंबलं, काचलं की वर डोकं फुटतं. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

३ मे
नळी वाहती, पोट साफ, तरी झटका. शेवटी डाव्या अंगठ्याला काळा दोरा सापडला, करकचून बांधलेला. कापला आणि उतार पडला. आनंदीबाई रडल्या. नवसाचा दोरा, लेकराला दुखू नये म्हणून जिथं कळत नाही तिथंच बांधला होता. मी जरा जास्तच बोललो. त्यांनी मान हलवली. पटलं नसावं.

७ मे
डाव्या टाचेला जखम. घोट्याच्या वरपर्यंत पट्टी बांधली. चार दिवस सोडायची नाही.

९ मे
दिवसातून दोनदा झटका. नळी पाहतो, अंगठे पाहतो. काही नाही. विनोद संपलेत. मला भीती वाटते.

११ मे, दुपारी ३
आनंदीबाई सकाळपासून देवळात, कौल लावायला. मोठा झटका. बसवलं. नळी वाहते आहे. कपडे कापून काढले. उतरत नाही. गडी धोंडू डॉक्टरांकडे धावला, पण ओहोटी आहे — होडी चिखलात असणार —

३.२०
नाडी चाळीस. डोळ्यांपुढे अंधारी म्हणतात. विचारतात, हरिश्चंद्र, खाली कोण ओरडतंय? मला सापडत नाही. देवा, सापडत नाही —

३.३५
सगळं अंग पाहिलं. राहिली फक्त पट्टी. ती तर मीच —
ही गाठ माझी नाही.

३.४०
पट्टीखाली, घोट्याला. दोरा मांसात रुतलेला. कापला. आता उतरेल — चारुदत्त हसले, पण तोंडाची एकच बाजू — मी हाका मारतोय, डोळे उघडत नाहीत —

आनंदीबाई अंगणात आल्या. कौल उजवा मिळाला, देवानं होकार दिला म्हणतायत. हातात नवा दोरा. विचारतायत, लेकराला उतार पड —