टिटव्यांच्या पट्टीवरचे बाक

प्रिय बाळ्या,

फोनवर तू घाईत असतोस आणि मला घाईत बोलता येत नाही, म्हणून आज कागद घेऊन बसले. तू तिकडे घर घेतलंस, महिनाअखेर बायकोला बोलावलंस, हे ऐकून आनंदच झाला. सूनबाई सामान बांधतेय. पुस्तकं खोक्यात भरून झाली, दुर्बीण मात्र अजून खिडकीतल्या खिळ्यालाच लटकतेय. पण आधी सूनबाईचा पराक्रम ऐक, कारण ती स्वतः काही सांगायची नाही.

तळ्याभोवतीची जागा गावानं पाखरांसाठी राखून ठेवली, ती तिच्याच चिकाटीमुळे, हे तुला मी नव्यानं काय सांगू? लग्न होऊन आल्यापासून ती तिथं राबतेय. तुझे नवेकोरे बूट त्याच चिखलात गेले, आणि तू दोन दिवस तोंड फुगवून बसला होतास! तर यंदा गावसभेनं काय ठरवावं? लोकांना पाखरं नीट बसून बघता यावीत म्हणून काठावरची खडीची ओसाड पट्टी रोलर फिरवून सपाट करायची आणि तिथं बाक टाकायचे. आता त्या खडीतच टिटव्या अंडी घालतात. म्हणजे पाखरं बघायला बाक, आणि बाकांखाली पाखरंच गाडलेली. हेतू चांगला होता रे, पण उत्साहाच्या भरात माणसांना पायाखालचं दिसत नाही.

आपल्या अध्यक्षांनी, म्हणजे अख्खं गाव ज्यांना भोंगा म्हणतं त्यांनी, सभेत ठराव मांडला आणि सूनबाई उठून उभी राहिली. घरात मीठ मागतानासुद्धा हळू बोलणारी पोर ती! तिनं एवढंच मागितलं की मतदान तळ्याकाठी घ्या. सगळे हसले, भोंगा सगळ्यात मोठ्यानं. पण मोकळी हवा खायला कोण नाही म्हणतं? निघाली वरात. गुडघे कुरकुरत होते तरी मीही मागोमाग गेले.

काठावर पोचतो न पोचतो तोच टिटव्यांनी डोक्यावर आकांत मांडला. भोंगा आपला दिमाखात पुढे, कुठला बाक कुठं बसवायचा ते हातवारे करून दाखवतोय. तेवढ्यात सूनबाईनं अशी खणखणीत हाक मारली की गृहस्थ एक पाय वर ठेवून जागीच थबकले. बुटाखाली अंडी होती, खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. तिनं वाकून बोट दाखवलं तरी त्यांना आधी दिसेनात. दिसली तेव्हा चक्क कुजबुजत बोलायला लागले! या माणसाला कुजबुजता येतं हे त्यांच्या बायकोलाही तिथंच कळलं. पट्टीला हात लावायचा नाही, बाक रस्त्याकडेला टाकायचे, असं तिथल्या तिथं एकमतानं ठरलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं बघ. शेजारच्या बाईंना ठाऊक असूनही मी सांगितलंच, ही माझी सून.

आता लिहायला का बसले ते सांगते. सभेनं त्या राखीव जागेची सगळी जबाबदारी तिलाच द्यायचं ठरवलंय, रीतसर पगार देऊन. ती नको म्हणाली, मला नवऱ्याकडे जायचंय म्हणाली, आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडली. नळ सोडला की म्हातारीला ऐकू येत नाही, असं तिला वाटतं. तुझ्या सुखाच्या आड येऊ नये म्हणून ती तुला एक अक्षर बोलणार नाही. मीच परस्पर भोंग्याच्या घरी जाऊन सांगून आले की इतक्यात दुसऱ्या कुणाला नेमू नका, माझ्या मुलाला अजून काही ठाऊकच नाही. आई स्वतःच्या सोबतीसाठी तिला अडकवतेय असं मनात आणू नकोस, मी एकटी खुशाल राहीन. तिला बोलावू नकोस रे. तूच ये. घर भाड्यानं देता येईल, बदलीसाठी अर्ज करता येईल. आणि ते जमणार नसेल, तर ती इथं थांबली तरी तू रुसणार नाहीस, एवढं तरी तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझीच, पण या बाबतीत तिच्या बाजूची,
आई