मनाने अक्षम

७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ज्यांनी मला शिकवलं, त्यांना काही समजत नाही असं मीच शपथेवर सांगायचं, याला माया म्हणायचं की दगाबाजी? पदवी घेऊनही मला उत्तर सुचत नाही, म्हणून तुला विचारते.

काल न्यायालयात बाबांची साक्ष झाली. दुकान आणि मागची आपली राहती खोली मालकाने खाली करून मागितली आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्याच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, जागा कधी देता. बाबा हसून म्हणाले, परवा नक्की देतो. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. कधी देता म्हटल्यावर तोंडातून दुसरं काय येणार? ते वाक्य कबुली म्हणून लिहून घेतलं गेलं. मग बाबांनी न्यायाधीशांना विचारलं, बाही किती ठेवू. मागे कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपल्या वकीलबाई म्हणतात, ज्याला स्वतःचं हित कळत नाही, त्याच्या वतीने बोलणारा पालक नेमेपर्यंत न्यायालय काम थांबवू शकतं. पण अर्जात ‘मनाने अक्षम’ असं लिहावं लागेल आणि शपथ घरच्या माणसाने घ्यायची. पुढची तारीख पंधरा आहे.

लोभ आहेच, या पत्रानंतरही तो राहू दे.

तुझी,
ठकी

१० जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

शिकून शहाणी झालीस ती बापाला वेडा ठरवायला का गं? विसरतो, इतकंच. लहानपणीसुद्धा पाटी घरी आणि हा शाळेत. गेल्या महिन्यात माझ्या पोलक्याचा गळा बघून म्हणाला, कोणत्या आंधळ्याने बेतला? हे अक्षम माणसाचं बोलणं आहे?

तो गळा त्यानेच बेतला होता. तेव्हा तुला सांगितलं नाही.

सरकारी कागदावर चढलेला शब्द उतरत नाही. आपण मालकाचे पाय धरू, चार महिने मागू. पण माझ्या भावाच्या नावापुढे तसलं काही लिहू नकोस. ऐकशील या भरवशावर आहे. वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या

१६ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गळ्याची गोष्ट वाचली.

बाबांच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं, म्हणून अर्जाचा मसुदा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मशीनपाशी बसून त्यांनी नीट ऐकला. संपल्यावर विचारलं, या बिचाऱ्याला कुणी आहे का? मी म्हटलं, मुलगी आहे. तर म्हणाले, तिला सांगा लवकर कर म्हणावं, असल्या माणसाला लोक फसवतात. ‘सांगा’ म्हणाले, आत्या. मला.

काल न्यायाधीशांनी चौकशी होईपर्यंत काम थांबवलं. कबुलीचं वाक्य अजून कागदावर तसंच आहे. दुकान कदाचित वाचेल. बाबांचं जे रोज थोडं थोडं जातंय, ते थांबवायला मात्र कुठे अर्ज नाही.

तुझं ऐकलं नाही. अर्जात त्या दोन शब्दांची जागा मी वकीलबाईंना कोरी ठेवायला सांगितली होती. बाबा शेजारी बसून मान डोलावत होते. ते शब्द मी माझ्या हाताने लिहिले, शपथ घेतली आणि नियोजित पालक म्हणून खाली सही केली.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी,
ठकी