रेडिएटरमधलं पाणी जातं कुठे

९ डिसेंबर
बलबीरला ठेवायचा की काढायचा हे शनिवारपर्यंत ठरवायचं आहे आणि माझं डोकं चालत नाही, म्हणून लिहिते. काल शिमल्याच्या रस्त्यावर, परवाणूच्या चढावर, आमच्या ट्रकांमधली जुनी दहा टायरची गाडी तापून बंद पडली. रेडिएटर जवळजवळ रिकामा. बलबीर म्हणतो, आदल्या दुपारी गाडी लावताना काठोकाठ भरला होता. पण गाडीखालची जमीन कोरडी. अकरा वर्षं आमची गाडी चालवतोय. कधी खोटं बोललेला नाही. म्हणजे मला सापडला नाही.

१० डिसें.
मिस्त्रीने रेडिएटरला हवेचा दाब देऊन पाहिलं. थेंब नाही. पाइप, पाण्याचा पंप, क्लिपा, सगळं ठीक. इंजिनात पाणी उतरत असेल म्हणावं तर ऑइल स्वच्छ, धूरही पांढरा नाही. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मॅडमजी, पानी पीनेवाली गाडी मैंने आज तक नहीं देखी. भरनेवाले से पूछो."
इंजिनाचं हेड वाचलं, नशीब. पुन्हा तापली तर वाकणार. मग गाडी थेट भंगारात.

११ डिसें.
कूलंट किती दाट आहे ते मोजायचा तरंगकाटा घेऊन गेले. बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राचा इतक्या वर्षांनी उपयोग. ऑक्टोबरमध्ये निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी मी स्वतः मोजून घातलं होतं. आज काटा बुडाला तो बुडालाच. नुसतं नळाचं पाणी! ब.ला सगळ्यांसमोर विचारलं, "कूलंट बेच दिया क्या?"
त्याचा चेहरा लाल. "रोज सवेरे कम मिलता है, नल से भर देता हूँ. उस दिन धुंध थी, लेट था, ढक्कन नहीं खोला. बस, इतनी गलती मेरी."
रोज कमी होतं तर सांगितलं का नाहीस? तो रेडिएटरचं झाकण घट्ट करायला लागला. याचा अर्थ काय घ्यायचा?
हे उन्हात खुर्ची टाकून ऐकत होते. (हल्ली घरी एकटं ठेवत नाही. रोज पंचकुल्याहून बरोबर गाड्यांच्या शेडवर आणते.) म्हणाले, "अगं, ड्रायव्हरवर ओरडू नये. उद्या गाडी त्यालाच न्यायची असते." तीस वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्यात, कळतं सगळं. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

१२ डिसें.
काल दुपारी माझ्यासमोर भरून घेतलं. सकाळी एक बादली कमी. बरोब्बर एक. गळती अशी मापाने होत नाही. आणि नळाचं पाणी चोरून कोण काय करणार? मग...
शेडच्या दारातला कढीपत्ता मेला. हे म्हणतात थंडीने. शेजारच्या प्लॉटमधला हिरवागार आहे.

१३ डिसें., शनिवार
ब. दुपारी गाडी लावून, पाणी भरून, चाव्या माझ्या टेबलावर ठेवून गेला. न मागता.
निघताना हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "एक चक्कर मारून येतो." आज मी मागोमाग गेले. ह्यांनी रेडिएटरखाली बादली ठेवली. न बघता, नुसत्या हाताने तोटी शोधून उघडली. बादली भरली, तोटी बंद. बादली कढीपत्त्याच्या मुळाशी. म्हणजे कूलंटही तिथेच गेलं.
"काय करताय?"
"रात्री गोठेल. रेडिएटर फुटला तर सकाळी गाड्या कशा निघणार?"
लेहला रोज रात्री गाड्यांचं पाणी असंच काढून ठेवायचे; ती पोस्टिंग संपून पंचवीस वर्षं झाली असतील. मी म्हटलं, हे चंडीगड आहे.
"माहीत आहे मला," म्हणाले आणि जाऊन कारमध्ये बसले.
काय माहीत आहे?

१४ डिसें.
ब.च्या घरी गेले. तुला ठाऊक होतं का, विचारलं.
"साहबजी निकालते थे, मैं भर देता था. इसमें बताना क्या?"
मी चोर ठरवलं तरी?
"आप गुस्से में थीं जी."
माफी कशी मागतात ते मला येत नाही. समोर आलेला चहा प्यायले, दुसरा दिला तोही.
गाडीची तोटी काढून तिथे बोल्ट मारायचा, असं ठरलं. ब. म्हणाला, "मारो जी. पर फिर साहबजी को क्या दोगे?" त्यालाच सुचलं. कोपऱ्यात विटांवर दोन वर्षं उभी असलेली गाडी. "उसमें सवेरे मैं सादा पानी भर दूँगा. साहबजी निकालते रहें."
हे सांभाळणं की फसवणं? नवऱ्याला फसवायचं, तेही ड्रायव्हरच्या मदतीने. हो म्हणून आले खरी.

१५ डिसें.
बोल्ट बसला. ताजं कूलंट घातलं, काटा जागेवर. डॉक्टरांना फोन करायचा राहिला. राहिला म्हणजे केला नाही.
साडेचारला हे रोजच्या गाडीपाशी वाकले, बोल्ट चाचपला. मग विटांवरच्या गाडीकडे गेले. बराच वेळ चाकं नसलेल्या जागी बघत होते. मला विचारलं, "ही कुठे जाणार आहे उद्या?" मी काहीतरी बोलले. ह्यांनी तोटी उघडली.

दिलं-घेतलं:
ब.ला: चाव्या परत. कूलंटचा कॅन, सीलबंद. तरंगकाटा, वाचायला शिकवून.
ह्यांना: बादली. उभ्या गाडीचा रेडिएटर, भरलेला.
ह्यांनी मला: तीच बादली, काठोकाठ. "झाडाला घाल." झाड मी सकाळीच उपटून टाकलं होतं.