मायच्या हातांना सुट्टी

१० जानेवारी
पुण्याहून परत, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो होतो. वारंगा फाट्याला ट्रॅव्हल्समधून उतरलो तेव्हा पाय सुजलेले, तोंडं उतरलेली. माझ्या भावाचं, किसनाचं, तोंड सोडून. त्याची दहाही बोटं मशीनने पहिल्या झटक्यात घेतली, त्यामुळे भाऊसाहेब खुशीत. मायचं एकही घेतलं नाही. काच पुसली, बोटं पुसली, आधी ओल्या रुमालाने, मग कोरड्या. लाल दिवा तो लालच. काउंटरवरची मुलगी स्वभावाने भली. म्हणाली, "काकू, हातांना सुट्टी द्या. तेल, क्रीम लावा, काम बंद ठेवा, तीन-चार आठवड्यांनी परत या."
हातांना सुट्टी! मायला हसू आवरेना. मला रडू.
माय आणि किसना, दोघांनी कॅनडात माझ्याकडे कायमचं यावं म्हणून किती वर्षं मागे लागलेय मी. नंबर लागला, कागद जमले, आणि अडलं कुठे तर मायच्या बोटांवर. जन्मभर निंदणी, कापूस, हळद, शेळ्या. रेषा उरणार कुठून.
अनिलला फोन केला. म्हणाला, रजा वाढवून घे, मी इकडे बर्फ उपसतो. नवरा चांगला निघाला, हे अधूनमधून लिहून ठेवायला हवं.

११ जानेवारी
सकाळी मायने जाहीर केलं, "ठसे उमटले तं येते. न्हाई उमटले तं देवाच्या मनात न्हाई, आसं समजायचं."
मी म्हटलं, देवाला यात ओढू नकोस, तू फक्त काम करू नकोस.
"मंग काय करू?"
"काहीच नाही."
माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला चोरी करायला सांगितली.
आजपासून झाडलोट, शेण, भाकरी, धारा, धुणंभांडी माझ्याकडे. शेळ्या चारणं किसनाचं, ते त्याचंच असतं. लहानपणी तापाने तो जिथे थांबला तिथून फार पुढे आला नाही, पण रानातून एक शेळी कधी कमी आणली नाही.
दिवसभर एक किडा डोक्यात. देवावर सोपवलं म्हणजे तिला यायचंय की नाही? विचारायची हिंमत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ मी केला. सुदामच्या (चुलतभाऊ, शेजारीच घर) पोरांनी तो दगड म्हणून भिंतीवर आपटून पाहिला. लाडू शाबूत, भिंतीचा पोपडा गेला.
माय ओट्यावर बसून हुकूम सोडत होती. बाया येऊन येऊन बघत होत्या. शकूची माय रिकामी बसलीय, ही गावात बातमी आहे. मथुराकाकू म्हणाली, "काय वं, पाटलीण झालीस का काय?"
"सुट्टी हाय माझ्या हाताला. सरकारी."
मग सगळ्यांनी आपापली बोटं बघितली. कोणाच्याच हातावर धड रेषा नव्हत्या. खूप हसल्या. मथुराकाकूला आता कॅनडा नको पण सुट्टी पाहिजे आहे.

१७ जानेवारी
रोज तीनदा क्रीम. माय त्याला ठशाचं मलम म्हणते. वास आवडत नाही, पण हात पुढे करते. आज दुपारी डोळे मिटून घेतले तिने.
तिकडे कॅनडात, रेजायनाच्या वृद्धाश्रमात मला दुसऱ्यांच्या आयांच्या हातांना क्रीम लावायचा पगार मिळतो. स्वतःच्या मायला पहिल्यांदाच लावते आहे. किती लहान हात आहेत. मला मोठे वाटायचे.
एक शेळी मागून येऊन सगळं मलम चाटून गेली. पुन्हा पहिल्यापासून.

२० जानेवारी
भांडण.
पहाटे अंथरुणात नाही. हरभऱ्यात सापडली, पदराच्या ओट्यात खुडलेली भाजी, बोटं पाल्याच्या आंबट दवाने, आंबेने, चिकट. दहा दिवसांचं मलम पाण्यात. मी नको नको ते बोलले. तुला यायचंच नाही, तर तसं तोंडाने सांग, बोटांच्या आड लपू नकोस. वगैरे.
ती बांधावर बसली. म्हणाली, "तिथं आसंच बसायचं आसंल तं आत्ताच सांग."
मी म्हटलं, अंगण आहे मागे, उन्हाळ्यात मेथी लाव, टमाटे लाव.
"शेळ्या?"
"नाहीत."
"मंग किसना काय करंल?"
त्याच्यासारख्यांसाठी तिथे जागा असतात, बस न्यायला येते, काम शिकवतात. हे मी फोनवर शंभरदा सांगितलेलं, पुन्हा सांगितलं.
"इथं त्याला काम शिकवावं लागलं न्हाई, बाई."
पण हे सगळं सुरू कोणी केलं? बाबांच्या वर्षश्राद्धाला हीच म्हणाली होती, "माझ्या मागं याला कोन बघंल, शके? तूच बघ." मी त्याच दिवसापासून बघते आहे. एवढंच तर आहे. माय थकली की किसनाचं कोण. बाकी कॅनडा गेला खड्ड्यात.
ते बोलून दाखवलं. खड्ड्यासकट.
मायने भाजीचा ओटा माझ्या पदरात रिकामा केला. "निवडून घे. मी हात धुते."

२३ जानेवारी
चांदी शेळी व्याली! दुपारी, भर उन्हात, शेवग्याखाली. करडाचा एक पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला. किसनाने चांदीचं डोकं मांडीत धरलं आणि माझ्याकडे बघत बसला. माय चार पावलांवर उभी, दोन्ही हात काखेत दाबून. स्वतःच्या हातांवर भरोसा नव्हता तिचा.
"आत घाल हात. भिऊ नगंस."
"माय, मला नाही जमत."
"तुला चांगलं जमतं. मागल्या खेपी मला कोन व्हतं सांगायला?"
घातला. गुडघा लागला, वाकवला, आला. पाठोपाठ सगळं करडू माझ्या कपड्यांवर. पाट निघाली, म्हणजे मादी, काळी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव ठिपकी. किसना टाळ्या वाजवत सुदामच्या घरी सांगायला पळाला. माय खाली बसली आणि कोपरानेच माझा घाम पुसला.
बऱ्याच वर्षांत इतकी खूश झाले नव्हते. अनिलला फोटो पाठवला. त्याने विचारलं, यातली तू कोणती.

२७ जानेवारी
दोन दिवस फोन माझं बोट घेत नव्हता. वाटलं बिघडला. अनिलला विचारलं, त्याने काच पूस, बंद करून चालू कर, सगळं सांगितलं. काही नाही. दुसरं बोट, तेही नाही. मग हात उजेडात धरला. चुलीचे चटके, पऱ्हाटीच्या काड्यांचे ओरखडे, राखेने भांडी घासून घासून सालटं निघालेली.
मायला दाखवलं. आधी कळलं नाही. कळलं तेव्हा खांबाला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तुझेबी गेले व्हय! आता तुला तरी घेतेत का म्हणावं माघारी?"
मी तिच्या बोटांना मलम लावते, आता ती सांगते म्हणून स्वतःच्याही लावते. डबी संपत आली.

१ फेब्रुवारी
आज परीक्षा. पुण्याच्या आधी रेशन दुकानात बघू म्हटलं. तिथलं मशीन मायचा अंगठा कधीच घेत नाही, दर महिन्याला किसनाच लावतो. त्याचा अंगठा टेकला की मशीन टुंग वाजतं आणि किसना सगळ्या रांगेकडे वळून बघतो. त्याचा महिन्यातला मानाचा दिवस.
मायने हात पदराला पुसला, ठेवला. टुंग!
रांगेतल्या बाया ओरडल्या. दुकानदार उठून उभा राहिला. मी तर उडीच मारली.
मागे बघते तो किसना नाही. पिशवी तिथेच टाकून गेलेला. पारावर पाठ करून बसला होता, अंगठा मुठीत. जेवला नाही. त्याचं काम काढून घेतलं आम्ही, आणि वर टाळ्या वाजवल्या.
माय त्याच्याजवळ जाऊन बसली. "ऱ्हाऊ दे रे राजा. पुढल्या महिन्यापास्नं तूच लाव. माझा काय, दोन दिसाचा हाय." मग मान डोलावली त्याने. भाकरी मायने कुस्करून भरवली, ते हाताचं काम धरलं नाही मी.
नंतर मला विचारलं, "त्या फारमात किसनाचं काय लिवलंस?"
"तुझ्यावर अवलंबून आहे, असं."
"कोन कोनावर?" म्हणाली आणि तांदळाची पिशवी आत न्यायला त्यालाच हाक मारली.

४ फेब्रुवारी
सुदामशी बोलणं झालं. जायची वेळ आलीच तर शेळ्या विकायच्या नाहीत, त्याच्याकडे अर्धेलीने ठेवायच्या. सांभाळेल तो, होतील ती पिल्लं निम्मी त्याची, निम्मी आपली. ही मायची युक्ती. किसनाला समजावलं, शेळ्या तुझ्याच राहतील, सुदामदादा फक्त चारेल. त्याने विचार केला. "चांदी?" तुझी. "ठिपकी?" ठिपकीपण तुझी.
म्हणजे मायने मनात जायचं ठरवलंय तर. शेळ्यांची सोय लावली की बाई अर्धी गाडीत बसलीच. हे फक्त इथे लिहिते, नजर लागायची.

७ फेब्रुवारी
पुणे. तीच मुलगी काउंटरवर. "काकू, घेतली का सुट्टी?"
"घेतली माय. पोरीच्या हाताचं वाटोळं झालं."
डावा हात, लाल. मायने माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा, लाल. मी बाहेरच्या झाडाकडे बघत बसले. वळून पाहिलं तेव्हा कळलं, लाल दिवा मायलाही नको आहे. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, ओठ हलले. हातावर हात ठेवून मुलीने जरा दाबला. हिरवा.
मग उजवा. मग अंगठे. हिरवा, हिरवा.
"लागले!" माय एवढ्याने ओरडली की सिक्युरिटीवाला आला.
किसनाला पुन्हा अंगठा लावायचा होता. तुझं झालंय, दादा, म्हटलं तर चेहरा पडला. मुलीने मशीन पुसायच्या निमित्ताने वळवलं आणि लाव म्हणाली. त्याने लावला, टुंग आवाज स्वतःच काढला. पोरीला लाख आशीर्वाद.

९ फेब्रुवारी
फाट्यावर उतरून रिक्षाने घरी. माय चहालाही थांबली नाही. विळा घेऊन सरळ गोठ्यात, शेळ्यांसाठी शेवरीच्या फांद्या तोडायला. मी म्हटलं, अगं दम तर खा.
"आता झालं ना ठशाचं? हात शिवशिवून राह्यलेत."
तिथे उतरल्यावरही कदाचित बोटं तपासतात, हे मला तेव्हाच आठवलं. सांगितलं नाही. तिच्या हातात विळा बघून इतकं बरं वाटत होतं.
उद्या मला निघायचं, एकटीला. धार मीच काढली, शेवटची. ठिपकी पायात घोटाळते.

२ मार्च, रेजायना
बाहेर अजून बर्फ. किसनाच्या व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीवर पत्र आलं, आणखी एका डॉक्टरचा अहवाल हवा आहे. नांदेडला न्यायला सुदाम तयार. हो म्हणतील, नाही म्हणतील, काही महिने लागतील, कोणी सांगत नाही. काळजी आहे. पण पूर्वीसारखी नाही.
आज फोन पहिल्या स्पर्शात उघडला. वाईट वाटलं.
लगेच मायला व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी शेळी, मग किसना, मग माय. हळद शिजवणं चालू आहे, हात कोपरापर्यंत पिवळे. रेशनच्या मशीनने तिला कालच परत पाठवलं. किसनाने अंगठा दाखवला. टुंग.
आता लपवण्यात अर्थ नव्हता. सांगून टाकलं. माय, इथे विमानतळावर पुन्हा बोटं बघतील कदाचित. व्हिसा आला की पुन्हा तेच, हातांना सुट्टी.
वाटलं चिडेल. तिने पिवळे तळवे पडद्याजवळ आणून स्वतःच नीट बघितले.
"मंग तू येक म्हयना आदी ये," म्हणाली. "आमाला न्यायला न्हाई. कामाला."
पाठीमागे किसना ठिपकीला सांगत होता, शकी येनार.
रजेचा अर्ज आत्ताच भरून ठेवते म्हटलं. अनिलने विचारलं, तारीख काय टाकणार? तेवढं सोडून बाकी सगळं भरलं.