निकाल यायचाय

दादा,

फोनवर तुला 'निकाल यायचाय' म्हणाले, ते खोटं होतं. तुझ्या मुलाची सैन्यात निवड झाली नाही.

बारावी न झालेल्यांनाही घेतात, म्हणून गेला होता. धावण्यात दुसरा आला. कुंपणाबाहेर बाकीच्या आया आपापल्या पोरांसाठी हात जोडत होत्या आणि मी मात्र हा नापास व्हावा म्हणत होते. झाला. डोळ्यांच्या तपासणीत त्याला मोठी अक्षरंसुद्धा ओळखता येईनात.

डॉक्टरांनी विचारलं, "अरे, शाळेत फळा तरी दिसायचा का?"

तो म्हणाला, "धुरकट. सगळ्यांना तसाच दिसतो ना?"

ज्याला तू ढ म्हणून बदडलंस, ज्याला शिकवून शिकवून मी थकले, त्याला फळाच दिसत नव्हता. हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?

आज चष्मा आणला. येताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होता, लोक वळून बघत होते. घरी आल्यावर विचारलं, "आता बसशील परीक्षेला?" तो माझ्याकडे बघतच राहिला.

मग म्हणाला, "आत्या, तू एवढी दमलेली असतेस, हे मला माहीतच नव्हतं."

तुझी,
धाकटी